गाडी माझ्या नावाची

आमच्या बैठकीत भिंतीवर एक फोटो होता. त्यात मी नव्या पांढऱ्या गाडीसमोर उभी आहे. हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आहे. गाडीच्या तोंडावर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. शेजारी हे आहेत, पलीकडे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आणि त्यांच्याही पलीकडे जाऊबाई, तोंड फुगवून. मी जमिनीकडे पाहते आहे. फोटो काढणारा तीनदा म्हणाला, "ताई, वर पाहा." भासरे समोर असताना मला वर पाहता आलं नाही.

ती गाडी माझ्या नावानं घेतली होती. त्या साली सोयाबीन चांगलं झालं होतं. जेवताना भासरे यांना म्हणाले, "गाडी धाकटीच्या नावानं घेऊ. थे घरात आली तवापासून बरकत हाय. लक्ष्मी हाय थे."

मी चुलीपाशी पोळी शेकत होते. ऐकून माझी पोळी करपली.

जाऊबाई लगेच बोलल्या, "अन् मी काय अवदसा हाय? तिच्या पंधरा वर्सं आधी आली मी या घरात."

"तुयं नाव खालच्या शेताले हाय नं," भासरे म्हणाले. "एकीले शेत, एकीले गाडी. झालं."

जाऊबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र त्या आठ दिवसांत फार बरं वाटत होतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत माझ्या नावानं घरात काही आलं नव्हतं. पातेल्यांवरसुद्धा सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

वाशीमला गाडीच्या दुकानात त्यांनी पुष्कळ कागद पुढे ठेवले. मी चौथी शिकलेली आहे. माझं नाव, यांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहायला मला वेळ लागतो. प्रत्येक कागदावर मी ते पूर्ण लिहिलं. तिथला माणूस म्हणाला, "ताई, नुसती सही करा, एवढं कायले लिहिता?" मला सही येत नाही, नाव येतं. पण हे मी त्याला सांगितलं नाही, लिहीत राहिले. कागदावर काय आहे ते वाचलं नाही. वाचायचं असतं हेही सुचलं नाही. मराठीतले दोन कागद तर मला सहज वाचता आले असते.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायचा नाही, आणि तेही तिच्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर मध्ये कोणीतरी लागतं. चहा झाला की मी जाऊबाईंना म्हणायची, "सांगा त्यायले, चहा झाला." भासरे दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांना ऐकू गेलेलं असायचं, पण जाऊबाई म्हणायच्या, "अवं आयकलं का, चहा झाला," आणि मग ते उठायचे. मध्ये कोणी नसलं आणि मला ओसरीतून जायचं असलं तर मी आधी दाराच्या चौकटीवर बांगड्या वाजवायची. ते तोंड वळवायचे आणि मी निघून जायची.

मला याचा त्रास कधी वाटला नाही. माझ्यासारखीला ते बरंच होतं. मला तसंही माणसांसमोर बोलायला सुचत नाही. माहेरीही मला मुकी म्हणायचे.

गाडी भासरेच वापरायचे. लग्नाच्या वरातीला द्यायचे, कोणाला दवाखान्यात न्यायचे. मी वर्षातून चार-पाच वेळा मागच्या सीटवर बसायची. पण कोणी विचारलं, "कोणाची हो गाडी?" तर भासरे हसून म्हणायचे, "आमच्या लक्ष्मीची." मी खिडकीतून बाहेर पाहायची आणि मनात हसायची.

त्या दिवशी आम्ही कारंज्याकडून परत येत होतो. नात्यात साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. जेवण झाल्यावर भासऱ्यांनी निघायची घाई केली. ते गाडी चालवत होते, हे त्यांच्या शेजारी, मागे जाऊबाई आणि मी. दुपारचे चार वाजले असतील. दिवाळी जवळ आली होती. रस्त्यावर कापसाच्या गाड्या होत्या. एका ट्रकच्या मागे आम्ही बराच वेळ अडकलो. भासरे चिडून म्हणाले, "हा काय आज घरी जाऊ देत नाही." आणि त्यांनी गाडी बाहेर काढली.

समोरून मोटारसायकल आली. तिच्या मागे नवी बादली बांधलेली होती आणि दोन चादरी. एवढं मला दिसलं. मग आवाज झाला. आवाज फार मोठा नव्हता. बादली मात्र बराच वेळ वाजत घरंगळत गेली.

मी मागच्या काचेतून पाहिलं. तो माणूस रस्त्याच्या कडेला बसला होता. पडला नव्हता, बसला होता, आणि आपल्या पायाकडे असा पाहत होता की जणू पाय दुसऱ्या कोणाचा आहे.

गाडी थांबली नाही.

मी जाऊबाईंचा हात धरला आणि म्हटलं, "त्यायले म्हना नं, गाडी थांबवा. मानूस बसला हाय तिथं."

जाऊबाईंनी तोंडावर पदर धरला होता. मी पुन्हा म्हटलं, "म्हना नं बाई." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. भासरे माझ्यापासून एका हातावर होते. त्यांची मान, त्यांच्या शर्टाची कॉलर, कॉलरवरचा गुलाल, सगळं मला दिसत होतं. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं, जसं चहाचं ऐकू जायचं. पण मधलं माणूस बोललं नाही. म्हणून मी जे बोलले ते बोललेलं नव्हतंच.

आज वाटतं, थांबवा, एवढा एकच शब्द होता. वीसहून जास्त वर्षं मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं, आणि तेव्हाही उघडलं नाही.

पुढच्या गावी गाडी उभी करून भासऱ्यांनी फोन केले. अपघाताच्या जागेजवळच्या चहाच्या टपरीवाल्यानं आमच्या गाडीचा नंबर पाहिला होता, हे संध्याकाळपर्यंत कळलं. मग शेतावरच्या सालगड्याला बोलावलं. तो साठीला आलेला माणूस, आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राहायचा, ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्याजवळ लायसन होतं. भासऱ्यांचं संपलेलं होतं. पोलिसात सालगड्यानं सांगितलं की गाडी मी चालवत होतो, मालकांच्या घरचं कोणी गाडीत नव्हतं. घरी आल्यावर मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "वहिनी, मी तं आज दिवसभर खालच्या वावरात होतो." आणि पाणी पिऊन गेला.

मला वाटलं, मोठी माणसं आहेत, त्यांनी काहीतरी विचार केला असेल. हेही मी लिहून ठेवते, कारण मी पुढे लोकांना नावं ठेवणार आहे. त्या दिवशी मीही गप्पच होते.

चार-पाच महिन्यांनी कोर्टाचा माणूस घरी आला. ओसरीत उभा राहून त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं. असं कोणी माझं नाव घेऊन कधी घरी आलं नव्हतं. मी पीठ लागलेल्या हातानं बाहेर आले. त्यानं कागद दिला आणि माझ्याकडून नाव लिहून घेतलं. त्यात लिहिलं होतं की त्या माणसाचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्याला नुकसानभरपाई पाहिजे. एक नंबरला सालगड्याचं नाव, गाडी चालवणारा म्हणून. दोन नंबरला माझं, गाडीची मालकीण म्हणून.

मी कागद यांच्यापुढे धरला. हे म्हणाले, "कायले घाबरतं? पैसे आपुन थोडीच भरतो? विमा राह्यते. कंपनी भरते."

मी म्हटलं, "मंग माह्यं नाव काहून?"

"गाडी तुही हाय म्हनून नाव तुयं. नाव राह्यते नुसतं."

मग कळलं की विमा संपलेला होता. तीन वर्षं भरला होता, चौथ्या वर्षी भासऱ्यांनी भरलाच नाही. जाऊबाई म्हणाल्या, "मी म्हनत होती, भरा, भरा." भासरे म्हणाले, "तू कवा म्हनली?" त्यांचं भांडण झालं आणि ते मिटलंही. माझं नाव मात्र दोन नंबरला होतं तिथेच होतं.

वाशीमला वकिलांकडे आम्ही तिघं गेलो, भासरे, हे आणि मी. वकिलांची खोली लहान होती. एक खुर्ची भासऱ्यांना, एक यांना. मी दाराशी बाकावर बसले, पदर ओढून. वकिलांनी सगळं समजावून सांगितलं. विमा चालू असता तर भरपाई कंपनीनं भरली असती. विमा नाही म्हटल्यावर ती चालवणाऱ्यानं आणि गाडीच्या मालकानं भरायची. आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तो मालक. गाडी रोज कोण वापरतं ते कोणी पाहत नाही.

मग ते भासऱ्यांना म्हणाले, "चालवणारा तुमचा गडी. त्याच्याजवळ काय आहे?"

"एक बकरी हाय," भासरे म्हणाले. दोघंही हसले.

"आणि बाईंच्या नावावर? शेत, प्लॉट, काही?"

"काईच नाही, साहेब. म्हनूनच तं गाडी तिच्या नावानं घेतली. गाडी म्हटलं की आज नाही उद्या ठोकर होतेच. माह्या नावानं घेतली असती तं वावर गेलं असतं."

ते हळू बोलले नाहीत. मी तिथेच होते. पण मी त्यांच्याशी बोलत नसल्यामुळे त्यांना कधी वाटलंच नसेल की मी ऐकतेही.

वकिलांनी विचारलं, "माहेरचं काही? वडिलोपार्जित निघतं कधी कधी."

याचं उत्तर भासऱ्यांनी नाही दिलं. यांनी दिलं. खाली पाहत, एका दमात, जणू आधीपासून तयार होतं, "माहेरचंही नाही. हक्कसोड करून देल्लं हाय तिनं भावायले. गाडी घ्याच्या आधीच."

माझ्या वडिलांच्या शेतात माझा हिस्सा निघत होता. तो मी भावांना सोडून दिला होता, साडीचोळी घेऊन, जसं आमच्याकडे बहिणी करतात. तेव्हा हे मला म्हणाले होते, "देऊन टाक. भावाबहिणीचं राह्यते. आपल्याले काय कमी हाय?" मला किती अभिमान वाटला होता यांचा. बायकोच्या माहेरच्या जमिनीवर डोळा नसलेला नवरा मिळाला म्हणून मी माझ्या बहिणीला सांगितलं होतं.

ते दोन महिने आधीचं होतं. दोन महिन्यांनी गाडी आली. ठरवून झालं की आपोआप झालं ते मी यांना कधी विचारलं नाही. मी यांच्याकडे पाहत राहिले. यांनी एकदाही दाराकडे पाहिलं नाही.

"मग झालं तर," वकील म्हणाले. "निकाल लागला तरी वसूल कशातून करणार? दगडातून तेल निघत नाही."

मी दगड, सालगडी दगड. दोन नावं त्यांनी अशी शोधून काढली होती की ज्यांच्याकडून कोणाला काही मिळू नये. एका नावाला ते लक्ष्मी म्हणत होते.

वकिलांनी शपथपत्र तयार केलं. मी त्यावर माझं नाव पूर्ण लिहिलं. तेव्हाही वाचलं नाही. रागानं वाचलं नाही की सवयीनं, सांगता येत नाही. हात आपोआप चालला.

समोरच्या वकिलानं मला प्रश्न विचारायचे आहेत म्हणून कोर्टात अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. भासऱ्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी यांना सांगितलं, "भेव नाही. थे कुठं बोलते?" आमच्या वकिलांनी मला शिकवलं, "तीनच उत्तरं. होय, नाही, माहीत नाही. गाडी कोण चालवत होतं म्हणून विचारलं, तर मी घरी होते, माहीत नाही." रोज सकाळी हे मला विचारायचे, "म्हन बरं." मी म्हणायची, "मी घरी होती, माईत नाही." हे म्हणायचे, "बराबर." आणि डबा घेऊन शेतात जायचे.

तारखेच्या दिवशी आमचा नंबर लवकर लागला नाही. हे आणि भासरे वकिलांकडे गेले. मी कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. शेजारी एक बाई येऊन बसली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. हातावर गोंदण, हात खरबरीत. तिनं भाकरी सोडली, ठेचा काढला आणि सवयीनं माझ्यापुढे केला.

"घ्या नं बाई. सकाळपासून बसल्या दिसता."

मी अर्धी भाकरी घेतली. नाही म्हणायला मला सुचत नाही.

"तुमची कायची केस हाय?"

मी म्हटलं, "गाडीची."

"आमची बी गाडीचीच," ती म्हणाली. "माह्या घरवाल्याचा पाय गेला. आमी ऊस तोडाले जातो, दोघं मिळून एक कोयता. मुकादम म्हनते, अर्ध्या कोयत्याले कोन नेईन? घरी बसून राह्यला आता थो. पोरी त्याले उचलून बाहीर नेतात." तिनं भाकरीचा घास घेतला. "उचल घेतली होती त्या दिवशी. बादली घेतली, दोन चादरी घेतल्या, का तिकडं थंडी राह्यते. बादली मात्र सापडली, पाहा. चेपली थोडी, पन पानी राह्यते तिच्यात."

मला ठसका लागला. तिनं पाणी दिलं. मी तिच्या तांब्यानं पाणी प्यायले.

"आज गाडीवाली येनार हाय म्हनते," ती दाराकडे पाहत म्हणाली. "पाहून तं घेऊ, म्हनलं, तोंड कसं हाय तिचं. मोठी बाई असन. सोन्यानं मढलेली. गाडी स्वतःच्या नावानं हाय म्हनजे पाहा. आमच्या नावानं तं बकरी बी नाही."

माझ्या अंगावर काळी पोत आणि हातात काचेच्या बांगड्या होत्या. तिच्याही होत्या.

तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं, पूर्ण, आडनावासकट. मी उठले. अर्धी भाकरी माझ्या हातातच होती, ती मी पदरात बांधली. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. पण तिचं बोलणं एकदम थांबलं ते मला ऐकू आलं.

पिंजऱ्यात उभी राहिले. समोर न्यायाधीश साहेब. डाव्या हाताला बाकावर भासरे, त्यांच्या शेजारी हे. शपथ झाली. त्या बाईच्या वकिलानं माझं शपथपत्र हातात धरलं आणि विचारलं, "अपघाताच्या दिवशी तुम्ही घरी होता?"

तोंड उघडायच्या आधी माझा हात आपोआप हलला. पिंजऱ्याच्या लाकडावर माझ्या बांगड्या वाजल्या, जशा मी घरी चौकटीवर वाजवते. भासऱ्यांनी सवयीनं तोंड दुसरीकडे वळवलं. भर कोर्टात. ते पाहिलं आणि माझ्या मनात काय झालं कोणास ठाऊक, मला वाटलं, आता रस्ता मोकळा आहे.

मी म्हटलं, "नाही. मी गाडीत होती."

आमचे वकील उठून उभे राहिले. साहेबांनी त्यांना बसवलं.

"गाडी कोण चालवत होतं?"

मी म्हटलं, "माह्ये भासरे."

"इथे आहेत का ते? दाखवा."

मला बोट दाखवता आलं नाही. मी हनुवटीनं दाखवलं, पदर सांभाळत.

"गाडी थांबवली का?"

"नाही थांबवली. मी म्हनलं थांबवा. पन मी जाऊबाईले म्हनलं. त्यायले नाही म्हनलं."

साहेबांना ते समजलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी सगळं सांगितलं, आमच्यात कसं बोलत नाहीत ते, आणि सालगडी खालच्या वावरात होता तेही. माझा आवाज इतका बारीक होता की टंकलेखक दोनदा म्हणाला, "जोरात बोला." मी जोरात बोलले. एवढ्या जोरात मी लग्न झाल्यापासून बोलले नव्हते.

साहेब म्हणाले, "या शपथपत्रात तर उलट लिहिलं आहे. खाली नाव तुमचंच आहे ना?"

"हो साहेब."

"तुम्हाला वाचता येतं?"

"येते."

"मग वाचलं नाही?"

"नाही. मी मागितलंच नाही वाचाले."

त्यांनी मला समज दिली, खोट्या कागदावर सही करणं गुन्हा आहे म्हणून. मी मान हलवली. ते खरंच होतं.

बाहेर आले तेव्हा ती बाई व्हरांड्यात उभी होती. भासरे मागून आले. ते माझ्यासमोर थांबले आणि लग्नानंतर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"बोलता येते म्हनायचं तुले," ते म्हणाले.

परत येताना बसमध्ये हे माझ्या शेजारी बसले नाहीत. पुढे जागा होती, तिथे बसले.

पुढे बरंच चाललं. मी बोलल्यावर सालगडीही बोलला, आणि त्याचं आमच्याकडचं काम सुटलं. भासऱ्यांचं नाव केसमध्ये घातलं. निकाल लागायला दीड वर्ष गेलं. चालवणाऱ्यानं आणि मालकिणीनं दोघांनी मिळून भरपाई द्यायची, आणि एकाकडून नाही मिळाली तर दुसऱ्याकडून सगळी घ्यायची मोकळीक, असा तो निकाल होता. म्हणजे मीही सुटले नाही. लोकांना वाटतं मी स्वतःला वाचवायला बोलले. माझं नाव निकालात अजून आहे. पण आता माझ्या नावाच्या वर भासऱ्यांचं, शेत असलेलं नाव होतं, आणि वसुली तिकडून झाली. भासऱ्यांनी रस्त्याकडचा तुकडा विकला आणि कोर्टात हप्त्यांनी भरणा सुरू केला. ते पैसे त्या बाईला मिळाले. किती पुरतील मला माहीत नाही. पाय काही परत आला नाही.

घरात चुली वेगळ्या झाल्या. गाडी अपघातापासून दारातच उभी होती, तिची किल्ली आमच्या खुंटीला राहिली. जाऊबाई भिंतीपलीकडून मोठ्यानं म्हणतात, "लक्ष्मी होती म्हने. घर धुऊन नेलं लक्ष्मीनं." माझे भाऊ राखीला बोलवत नाहीत. सासरचं घर मोडणारी बहीण त्यांना नको. हे माझ्या हातचं जेवतात. पण काही पाहिजे असलं तर माझ्याशी बोलत नाहीत, ताटावर वाटी वाजवतात. मी वाढते.

गेल्या महिन्यात गाडी विकायची ठरली. भरपाईचा शेवटचा हप्ता राहिला होता. नाव माझं असल्यामुळे कागदांवर पुन्हा मीच पाहिजे होते. भासरे स्वतः आमच्याकडे आले. घेणारा माणूस सोबत होता. कागद खाटेवर ठेवून भासऱ्यांनी जागा दाखवली. "इथं. इथं. अन् इथं."

मी खाली बसले, पदर नीट केला आणि पहिला कागद उचलून वाचायला लागले.

भासरे म्हणाले, "सही कराची हाय फक्त."

मी म्हटलं, "वाचू द्या."

मला हळू वाचता येतं. बोट ठेवून, ओठ हलवत, तोडून तोडून. जोडाक्षर आलं की मी मागे जाऊन पुन्हा वाचते. घेणारा माणूस दोनदा घड्याळात पाहून चुकला. एक कागद इंग्रजीत होता. तो मी भासऱ्यांपुढे धरला आणि म्हटलं, "याच्यात काय लिहिलं हाय, सांगा." मधे कोणी नव्हतं. त्यांना सांगावं लागलं. गाडी कोणाला दिली, यापुढे तिच्याशी माझा संबंध नाही, असं होतं. मी विचारलं, "अन् मागच्याचं काय?" ते म्हणाले, "मागचं राह्यते." मग मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, यांच्या नावासकट, कारण मला तेवढंच येतं.

दारात हे उभे होते. सगळा वेळ उभे होते. कागद संपल्यावर मी वर पाहिलं, यांच्याकडे. मला यांना एकच विचारायचं होतं, माझी हक्कसोड ठरवून करून घेतली का. पण त्याचं उत्तर मला वकिलांच्या खोलीत, न विचारताच मिळालं होतं, एका दमात, तयार. मी उठून भिंतीवरचा फोटो उतरवला आणि गाडी घेणाऱ्याला दाखवून म्हटलं, यातली किल्ली पुठ्ठ्याची आहे, खरी आत खुंटीला आहे, आणून देते.